धुराची चव – ११ : खाणीत उतरणारी तंबाखू

लटाकिया या तंबाखूला आणखी एक आठवडा थांबावे लागेल. गेल्या भागात दोरासारख्या वळलेल्या ‘ट्विस्ट’चा ओझरता उल्लेख आला आणि नागपूरजवळच्या खापरखेड्याहून एका निवृत्त खाणकामगाराने विचारले, ‘पाइपात भरताना कापून, चोळूनच घ्यायची, तर ती दोरासारखी वळायची कशाला?’ प्रश्न फार मोलाचा आहे. त्याचे अर्धे उत्तर खुद्द खापरखेड्यातच सापडते.

गावालगत सिल्लेवाडा, थोडे पुढे वलनी. दोन्ही भूमिगत कोळसा खाणींची नावे. कोळशातून मिथेन सुटतो. हवेत त्याचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के झाले की एक ठिणगी पुरते. म्हणून बिडी, सिगारेट, काडेपेटी, लायटर यांतले काहीही खाली नेता येत नाही आणि उतरण्याआधी झडती होते. आठ तासांची पाळी, अंधार, घाम, आणि तलब तर येतेच. मग जी तंबाखू पेटवावी लागत नाही, तीच खिशात राहते.

इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या खाणकामगारांपुढेही हीच अडचण होती. त्यांच्या खिशात ट्विस्टचा तुकडा असे. पाने एकात एक गुंतवून पीळ घातलेला हा दोर खिशात चुरत नाही, लवकर सुकतही नाही. खाली चाकूने बोटाच्या पेराएवढा तुकडा तोडून गालात धरायचा. पाळी संपवून वर आले की त्याच दोराच्या पातळ चकत्या करायच्या आणि पाइपात भरायच्या. लाकडी जहाजांवर आगीच्या धास्तीने जगणाऱ्या खलाशांनाही हा दोर सोयीचा होता. केंडल गावात १७९२पासून चालत आलेले सॅम्युअल गॉविथ हे नाव आजही अशा दोरांसाठी घेतले जाते.

चव घ्यायची तर चकती नाण्याहून पातळ हवी. ती बोटांनी मोकळी करून तासभर कागदावर पसरावी, कारण दोर तेलकट आणि दमट असतो. ओला भरला तर सारखा विझतो आणि जीभ भाजते. सैल भरून दोनदा पेटवावा आणि अगदी सावकाश ओढावा. पहिल्या झुरक्यांत ओल्या मातीचा आणि चामड्याचा वास येतो, अर्ध्यावर मिरीसारखा झणका लागतो. निकोटिन भरपूर असल्याने रिकाम्या पोटी गरगरते. गोडसर, सुगंधी मिश्रणांपेक्षा हा दोर कितीतरी प्रामाणिक.

खापरखेड्यात ट्विस्टची जागा खर्र्याने घेतली. पानठेल्यावर सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून तळहाताखाली जोर लावून घोटतात. घोटता घोटता सुपारी मऊ पडते, पन्नी गरम होते. चुन्याचे काम समजून घेण्यासारखे आहे. क्षारधर्मी चुन्यामुळे तंबाखूतले निकोटिन मोकळे होते आणि तोंडाच्या आतल्या त्वचेतून थेट रक्तात शिरते. धुराचेही तसेच आहे. सिगारचा धूर क्षारधर्मी असल्याने तो तोंडात खेळवला तरी पुरतो, सिगारेटचा आम्लधर्मी धूर मात्र छातीत ओढावा लागतो. बर्ली जातीच्या पानाचा पाइपातला धूरही सिगारच्याच वळणावर जातो. म्हणजे पानठेलेवाला चुना लावून जे साधतो, ते बर्लीत पानाच्या जातीतूनच येते.

तरी ट्विस्ट आणि खर्रा एका पारड्यात घालता येत नाहीत. ट्विस्टमध्ये तंबाखूच असते. ती चघळली तरी, ओढली तरी कर्करोगाचा धोका आहेच. खर्र्यात त्यावर सुपारीची भर पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४मध्ये नुसती सुपारीसुद्धा कर्करोगकारक ठरवली. तिच्यामुळे गालाची आतली त्वचा ताठर होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. महाराष्ट्राने २०१२मध्ये गुटख्यावर बंदी घातली, पाठोपाठ सुगंधित तंबाखू-सुपारीवरही. खर्रा खाणाऱ्या ज्या कुणाला तोंडात तीन बोटे उभी घालता येत नसतील, त्याने या आठवड्यातच दंतवैद्याला तोंड दाखवावे.

खाणीत काम केलेल्या वाचकांनी, पाळीवर उतरताना खिशात काय असे, ते जरूर कळवावे. पुढच्या भागात लटाकिया.