माराकेशचा बाजार व चौक

मोरोक्को देशांतील माराकेश शहरीं एकच दिवस मिळाला, तर सकाळ बाजाराला द्यावी आणि संध्याकाळ चौकाला. जुन्या तटबंदीच्या आंत गल्ल्यांचें जाळें पसरलें आहे. चामडें, तांब्याचीं भांडीं, गालिचे, मसाले, ज्याची त्याची आळी निराळी. रंगाऱ्यांच्या आळींत डोक्यावर लोंकरीच्या रंगीत लडी वाळत घातलेल्या दिसतात. बहुतेक वस्तूंवर किंमत लिहिलेली नसते. घासाघीस हा व्यवहाराचाच भाग होय. आपल्या गृहिणींना ती कला शिकवावी लागत नाहीं!

दिवस कलला, कीं जामा एल्-फ्ना चौकांत खाद्यपदार्थांचीं दुकानें थाटलीं जातात. डोळ्यांदेखत काढलेला संत्र्यांचा रस, पुदिन्याचा गोड चहा अवश्य घ्यावा. 'हरीरा' नांवाचें टोमॅटो, मसूर व हरभऱ्यांचें सार मात्र शाकाहारी माणसानें विचारूनच घ्यावें. त्यांत बहुधा मांस असतें.

मग तीन तारांचें गिंब्री व लोखंडी करताळ घेऊन 'ग्नावा' गायक येतात. सहारापलीकडून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वंशजांनीं जपलेलें हें संगीत. युनेस्कोनें २००१ सालीं या चौकाच्या लोककलांचा व २०१९ सालीं ग्नावा संगीताचा गौरव केला. परंतु गौरवानें पोट भरत नाहीं; तें श्रोत्यांच्या नाण्यांवरच चालतें. चौकांतील कथेकरी तर फारच थोडे उरले आहेत.

आपल्याकडे कीर्तनानंतर आरतींत पैसा टाकूनच श्रोते उठतात. तोच शिष्टाचार तेथें पाळावा. घासाघीस दुकानदाराशीं खुशाल करावी, गायकाशीं करूं नये.