वॉलपेपर निघाला, पण खळ?

मागच्या ईदच्या तोंडावर आम्ही बैठकीच्या खोलीतला जुना वॉलपेपर एका दुपारात ओढून काढला आणि दुसऱ्याच दिवशी रंग लावून घेतला. पाहुणे येऊन गेले, शीरखुर्मा झाला आणि महिनाभरात भिंतीवर बारीक भेगांचं जाळं उमटलं. पोपडे सोफ्यावर पडू लागले. रंग चांगल्या प्रतीचा होता. घाई आमची होती.

रंगारी चाचांनी पोपडा उचलला, खाली ओलं बोट फिरवलं आणि म्हणाले, "भाभी, कागद गेला, पण खळ इथंच आहे." कागद चिकटवायची खळ सुकली की दिसत नाही. वरून पाण्यात कालवलेला रंग बसला की ती फुगते, सुकताना आकसते आणि रंगाला तडा देते.

यंदा आधी सगळा रंग खरवडला. मग स्विचबोर्डचा मेन बंद करून हातभर भाग कोमट पाण्याच्या स्पंजनं भिजवायचा, दहा मिनिटं थांबायचं, पातळ पट्टीनं खळ काढायची, स्वच्छ पाण्यानं पुसायचं. बोटाला बुळबुळीत लागणं थांबेपर्यंत! आम्हाला तीनदा धुवावं लागलं. भिंत चिंब मात्र करू नका, गिलावा सुटतो.

खिडकीच्या कोपऱ्यात काळी बुरशी होती. बाहेरच्या पाइपची गळती थांबवली, मग भिंतीला प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून एक दिवस ठेवला. आतून दव जमलं, म्हणजे ओल कायम. तो कोपरा सुकायला तीन आठवडे गेले.

खळीखाली जुना हिरवा ऑइलपेंट निघाला, तेव्हा आम्ही खरे दचकलो. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाचा भरवसा काय? कोरडं घासलं की धूळ फरशीवर बसते आणि रांगणारं मूल तीच बोटं तोंडात घालतं. मुलांना खालाकडे पाठवलं, भिंत पाणी मारून ओलीच घासली, फरशी ओल्या फडक्यानं पुसून फडकी फेकून दिली. चकचकीतपणा गेल्याशिवाय पुट्टी तशीही धरत नाही.

पुट्टीचे दोन पातळ हात, घासकागद, मग प्राइमर. इथवर आलो आणि ईदचा चाँद दिसला. पाहुण्यांनी विचारलं, "रंग राहिला का?" आम्ही म्हटलं, "पुढच्या आठवड्यात, इन्शाअल्लाह."