पाइपातली पिरान्हा

निन्टेन्डोने 1985 साली आणलेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या पहिल्या टप्प्यात हिरवे पाइप दिसतात, पण ते निरुपद्रवी. दुसऱ्या टप्प्यात, भुयारात शिरल्यावर, तशाच एका पाइपातून दातेरी जबडा उघडझाप करत वर येतो. ही पिरान्हा वनस्पती. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला व्हिडिओ गेम जोडून खेळलेल्या अनेकांना ती पक्की आठवत असेल.

बाकीचे बरेच शत्रू डोक्यावर उडी मारली की संपतात. इथे ती सवयच अंगाशी येते: स्पर्श झाला की मोठा मारिओ लहान होतो आणि लहान असेल तर जीव जातो. ती मरते आगीच्या गोळ्याने.

पण तिची खरी गंमत एका नियमात आहे. ती आत असताना मारिओ पाइपाला खेटून किंवा पाइपावर उभा असेल, तर ती बाहेरच येत नाही. म्हणजे घाबरून लांब थांबणाऱ्याला ती सतत वरखाली करताना दिसते, आणि ती आत जाताच जवळ जाणाऱ्याला वाट मोकळी मिळते. हा नियम पडद्यावर कुठेही लिहिलेला नाही, खेळता खेळताच उमगतो. इतकी नेटकी रचना मला त्या खेळातल्या दुसऱ्या कुठल्याच शत्रूत दिसत नाही.

1988च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स 3’मध्ये तिची आग ओकणारी बहीण आली, आणि मग नुसतं अंतर राखूनही भागेनासं झालं.