एका शब्दाचा अध्याहार

मूळ वाक्यांत नसलेला शब्द अर्थपूर्तीसाठीं बाहेरून घेणें, यास अध्याहार म्हणतात. श्लोकाचा अन्वय लावितांना तो आवश्यकच असतो; परंतु कायद्यांत असा शब्द शिरला म्हणजे काय होतें, हें अमेरिकेंतील माजी सैनिकांनीं ६० वर्षें अनुभविलें.

लढाईंत अपंग झालेल्या शिपायास पेन्शन मिळावें, हें कोणासही पटेल. परंतु पुढें सरकारी रुग्णालयांत उपचार घेतांनाच तो अधू झाला तर? १९२४ सालीं अमेरिकन काँग्रेसनें ठरविलें कीं, हें अपंगत्व जणूं सैन्यांतील नोकरीमुळेंच आलें असें समजून भरपाई द्यावी. मात्र तें शिपायाच्या स्वतःच्या गैरवर्तनाचें फळ नसावें. दोषाचा उल्लेख एवढाच. माजी सैनिकांच्या खात्यानें मात्र १९३४ पासून आपल्या नियमांत अट घातली कीं, वैद्याची चूकही सिद्ध झाली पाहिजे.

ती सिद्ध करावी कशी? शस्त्रक्रियेच्या वेळीं रोगी बेशुद्ध, कागदपत्रें रुग्णालयाचीं आणि निवाडा करणारें खातेंही तेंच! १९८८ पर्यंत अशा निर्णयांविरुद्ध न्यायालयांत दाद मागण्याची सोय नव्हती. शिवाय अर्जदाराच्या वकिलानें १० डॉलरांहून अधिक फी घेऊं नये, असा यादवी युद्धाच्या काळापासूनचा निर्बंध होता. नियम टिकला तो न्याय्य म्हणून नव्हे, कोणीं तपासला नाहीं म्हणून, असें आमचें मत आहे.

कोरियाच्या युद्धांतील एका शिपायाच्या पाठीवर सरकारी रुग्णालयांत शस्त्रक्रिया झाली, व नंतर त्याच्या डाव्या पायाची पोटरी, घोटा व पाऊल यांत वेदना आणि दुर्बलता आली. त्याचा अर्ज खात्यानें फेटाळला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, आणि डिसेंबर १९९४ मध्यें न्यायमूर्ति सौटर यांनीं एकमताचा निर्णय लिहिला: शिपायाचा दोष कायदा स्पष्ट सांगतो, वैद्याचा सांगत नाहीं, तेव्हां तो कल्पितां येत नाहीं. आमच्या मीमांसकांस हा युक्तिवाद परका वाटला नसता. नियम फार जुना आहे या सरकारी म्हणण्यासही न्यायालयानें थारा दिला नाहीं.

हा आनंद दोन वर्षेंच टिकला. १९९६ सालीं काँग्रेसनें अध्याहृत शब्द मूळ कायद्यांतच घातला. १ ऑक्टोबर १९९७ पासूनच्या अर्जांत वैद्याचा निष्काळजीपणा वा तत्सम दोष, नाहीं तर वाजवीपणें पूर्वीं लक्षांत न येण्याजोगी घटना दाखवावी लागते. उपचाराच्या सामान्य धोक्यांपैकींच एखादा ओढवला आणि चूक कोणाचीच दाखवितां आली नाहीं, तर लंगडणाऱ्या शिपायास या कायद्यानें कांहीं मिळत नाहीं.