प्रूफ नाण्यावरची झाक आणि साय

दिवाळीच्या तोंडावर दिंडोशीत, नागरी निवाऱ्यापासून चित्रनगरीच्या रस्त्यापर्यंत, घरोघरी देवाची चांदी उजळायला काढतात. चिंच, रांगोळी, कुठे टूथपेस्ट. पूजेच्या नाण्याचे त्यात काही बिघडत नाही. पण त्याच डब्यात वडिलांनी हौसेने घेतलेले प्रूफ नाणे असले, तर त्याचे मोल त्या पाच मिनिटांत धुऊन निघते.

प्रूफ नाणे बाजारात खर्चायला पाडलेलेच नसते. चकती आधी घासूनपुसून लखलखीत करतात, ठशाची मोकळी जागा आरशासारखी घोटतात, चित्राचा भाग मुद्दाम दाणेदार ठेवतात आणि सावकाश, एकाहून जास्त वेळा दाब देतात. काळाभोर आरसा आणि त्यावर हिमासारखी पांढरी आकृती, या विरोधाला ‘कॅमिओ’ म्हणतात. फोर्टातल्या मुंबई टांकसाळीच्या जुन्या प्रूफ नाण्यांवर ‘बी’ हे अक्षर असते, नंतरच्यांवर ‘एम’.

१९६९ चे गांधी जन्मशताब्दीचे दहा रुपयांचे नाणे घ्या. वजन १५ ग्रॅम, ८० टक्के चांदी. हवेतला गंधक चांदीशी जुळतो, सिल्व्हर सल्फाइडचा अतिशय पातळ थर बसतो आणि त्या थरातून परतणाऱ्या प्रकाशामुळे रंग दिसतात: आधी फिकट सोनेरी, मग जांभळट, मग निळा. हे टोनिंग. नाणे दिव्याखाली हळूहळू कलते करा. एका कोनात रंगाखालचा आरसा लख्खकन उजळला, तर थर पातळ आहे आणि पृष्ठभाग शाबूत आहे. कुठूनही पाहिले तरी दुधावरच्या सायीसारखा पांढुरका पडदा हटत नसेल, तर ते हेझ. चकती धुताना राहिलेला अंश, खोक्यातल्या फोमची वाफ किंवा पीव्हीसी पाकिटातून झिरपलेले रसायन, अशी त्याची कारणे. पीव्हीसीची साय पुढे हिरवट, चिकट होते आणि धातूच खाऊ लागते.

ग्रेडिंग करणारे हाच फरक तोलतात. विल्यम शेल्डनने १९४९ मध्ये अमेरिकी तांब्याच्या सेंटांसाठी मांडलेली १ ते ७० ची मोजपट्टी आज जगभर चालते. पीसीजीएस (१९८६) आणि एनजीसी (१९८७) या संस्था तिच्यावरच नाणी तोलून स्लॅबमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या सीलबंद पेटीत, बंद करतात. नैसर्गिक, समतोल टोनिंगला शिक्षा नाही. देखणे असेल तर ते नाण्याच्या बाजूनेच बोलते. रंग इतका दाट झाला की आरसा मेला, मग मात्र अंक घसरतो आणि कॅमिओचा मानही जातो. हेझ थोडे असले तरी ६९ चे ६८ होऊ शकते. घासलेल्या किंवा कृत्रिम रंग चढवलेल्या नाण्याला तर अंकच मिळत नाही, नुसता ‘डिटेल्स’चा शेरा मिळतो.

आपल्याकडे खरेदी-विक्रीत नेमके उलटे चालते, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. रंग चढलेल्या अस्सल नाण्याकडे ‘काळे पडलेय’ म्हणून पाठ फिरवतात आणि अॅसिडात बुडवून पांढरे केलेल्याला जास्त भाव देतात. बुडवण्याने सल्फाइडबरोबर चांदीचा थरही जातो. आरसा कायमचा आंधळा होतो. ६ डिसेंबर २०१५ रोजी प्रकाशित झालेल्या डॉ. आंबेडकरांच्या १२५ रुपयांच्या नाण्याबाबत तर जास्तच जपायला हवे. त्यात चांदी निम्मीच, ४० टक्के तांबे, बाकी निकेल आणि जस्त. तांबेही आपले डाग वेगळे पाडते.

दिंडोशीत पावसाळ्यात भिंतींना ओल येते, कपाटातल्या कपड्यांना बुरशी धरते; त्या दमट हवेत गंधकाचे काम आणखी वेगाने होते. रबरबँड, लोकर आणि साधी कागदी पाकिटे यांतूनही गंधक सुटतो. म्हणून नाणे अॅक्रिलिकच्या कॅप्सूलमध्ये ठेवावे, डब्यात सिलिका जेल घालावे आणि ओल शोषून भरले की ते गरम करून पुन्हा वापरावे. हात नेहमी कडेलाच लावावा. पीव्हीसीची साय ताजी असेल तर शुद्ध अॅसिटोनमध्ये नाणे बुडवून, कुठेही न घासता, वाऱ्यावर सुकू द्यावे. मात्र खिडकी उघडी हवी आणि देवघरातला दिवा विझलेला.