जुनी गाडी : सर्व्हिसिंग केव्हा आणि कुठे?

पूर्वी लोक घोडा विकत घेताना त्याचे दात पाहत. दातांवरून घोड्याचे वय कळे. विकणारा काही का सांगेना, दात खरे तेच सांगत. मोटारगाडीला दात नाहीत. जुनी गाडी धुऊन, पुसून, चकचकीत करून समोर उभी करतात. मग तिची खरी स्थिती कशी ओळखावी? तिची निगा केव्हा राखावी? ती कोणाच्या हाती द्यावी? हे या पाठात आम्ही सांगणार आहोत.

आमच्या शनिवार पेठेत पुष्कळ वाड्यांच्या जागी आता इमारती उभ्या आहेत. ज्यांच्या घरी सायकल होती, त्यांच्या दारी आज गाडी आहे. नवी गाडी सगळ्यांनाच परवडते असे नाही. म्हणून अनेक जण दुसऱ्याने वापरलेली गाडी घेतात. त्यात कमीपणा मुळीच नाही. कोणी त्या गाडीवर पोट भरतो. कोणी म्हाताऱ्या आईला दवाखान्यात नेतो. घरची साठवलेली पुंजी त्या गाडीत घातलेली असते, आणि घरची माणसेही त्याच गाडीत बसतात. तेव्हा हा प्रश्न पैशाचा आहे, तसाच जिवाचाही आहे.

खाते कोरे समजा

विकणारा सांगतो, "परवाच सर्व्हिसिंग केलंय, काही बघायला नको." त्याला नम्रपणे एकच विचारा, "पावती आहे का हो?" पावती असेल तर नीट वाचा. तिच्यावर तारीख असते, गाडी किती किलोमीटर चालली तो आकडा असतो, आणि काय काय बदलले ते लिहिलेले असते. समजा, २०२२ सालच्या पावतीवर ६०,००० किलोमीटर लिहिले आहेत आणि आज गाडीचा मीटर ४८,००० दाखवतो. मग काय समजायचे ते समजा. मीटर मागे फिरवता येतो, पण जुन्या पावतीवरचा आकडा जागचा हलत नाही. गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जात असेल, तर गाडीच्या नंबरावरून तिची नोंद तिथेही सापडू शकते. सौदा होण्यापूर्वीच मालकाला बरोबर घेऊन ती पाहावी.

पावती नसेल तर काम झालेलेच नाही असे धरून चाला. गाडी घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात इंजिनचे तेल आणि तेलाचा फिल्टर बदलून घ्या. एअर फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, ब्रेकचे पॅड, पट्टे, बॅटरी आणि टायर तपासून घ्या. हा खर्च गाडीच्या किमतीतच धरावा. काही इंजिनांत टायमिंग बेल्ट नावाचा पट्टा असतो. तो चालत्या गाडीत तुटला तर पुष्कळ इंजिनांची आतून मोडतोड होते. तो केव्हा बदलायचा हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेले असते. आधी बदलल्याचा पुरावा नसेल, तर मिस्त्रीला त्याबद्दल आवर्जून विचारा.

टायरचे वय मात्र तुम्हाला स्वतःला वाचता येते. टायरच्या बाजूवर चार आकडे एकत्र छापलेले असतात. समजा, तिथे २३१९ असे आहे. याचा अर्थ हा टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. आहे की नाही गंमत? घोड्याला दात, तसे टायरला हे आकडे. टायरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर खोल असल्या पाहिजेत, असा नियम आहे. गोटा झालेला, म्हणजे गुळगुळीत झालेला टायर ओल्या रस्त्यावर घसरतो.

पुण्यात गाडी घेताना आणखी एक गोष्ट पाहावी. खडकवासला धरणातून पाणी सोडले की मुठेला पूर येतो. भिडे पूल पाण्याखाली जातो, नदीपात्रातला रस्ता बुडतो, आणि तिथे उभ्या राहिलेल्या गाड्याही बुडतात. २५ जुलै २०२४ रोजी तर सिंहगड रस्त्याकडच्या वस्त्यांत पाणी शिरले होते. बुडालेली गाडी पुढे धुऊन विकायला येऊ शकते. म्हणून सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढून पाहा. टोकाला चिखलाचा डाग आहे का? पायाखालची चटई उचला. कुबट वास येतो का? सीटखालचे स्क्रू गंजले आहेत का? आणि तुमचीच गाडी कधी पाण्यात बुडाली, तर ती चालू करून पाहू नका. इंजिनात पाणी असेल तर चालू करताच ते मोडते. गाडी ओढून गॅरेजात न्यावी.

केव्हा?

गाडीच्या पुस्तकात दोन मोजमापे दिलेली असतात, किलोमीटर आणि महिने. बऱ्याच पेट्रोल गाड्यांना "१०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते" असे सांगितलेले असते. तुमच्या गाडीचा आकडा वेगळा असू शकतो, म्हणून पुस्तक उघडून पाहावे. पण "जे आधी येईल ते" हे शब्द विसरू नका. बहुतेकांची चूक तिथेच होते.

समजा, मेहुणपुऱ्यात राहणारे एक गृहस्थ आहेत. त्यांची गाडी मंडईपर्यंत जाते, कधी डेक्कनला जाते. वर्षात ३,००० किलोमीटरसुद्धा होत नाहीत. ते म्हणतात, "दहा हजार व्हायला अजून दोन वर्षं आहेत की!" हा हिशेब बरोबर नाही. चार पावले चालून थांबणाऱ्या गाडीचे इंजिन पुरते तापत नाही. मग आतला ओलावा आणि न जळलेले पेट्रोल तेलात मिसळून राहते. शिवाय अप्पा बळवंत चौकात गाडी अडकते तेव्हा चाके थांबलेली असतात, पण इंजिन चालूच असते. ते काम मीटर मोजत नाही. म्हणून जवळच्या फेऱ्या, गर्दी आणि धूळ यांना गाडीच्या पुस्तकात कठीण वापर म्हणतात, आणि अशा गाडीचे तेल लवकर बदलायला सांगतात. या गृहस्थांनी निदान वर्षातून एकदा तरी सर्व्हिसिंग केलेच पाहिजे.

दुसरा माणूस भाड्याची गाडी चालवतो. मुंबई-पुणे अशा त्याच्या रोजच्या फेऱ्या असतात. त्याचे दहा हजार किलोमीटर दोन महिन्यांतच भरतात. त्याने कॅलेंडर पाहून भागणार नाही, मीटरच पाहिला पाहिजे. दोघांची गाडी एकच असली तरी दोघांची वेळ निराळी.

ब्रेक ऑइलचे कारण नीट समजून घ्या. या तेलाला हवेतला ओलावा शोषून घेण्याची खोड असते. नवे तेल २०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्यावर उकळते. पाणी शोषलेले तेल त्याच्या पुष्कळ आधीच उकळते. वरंधा घाट उतरताना पाय सारखा ब्रेकवर असला की ब्रेक तापतात. जुने तेल आत उकळून त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, पण ती ब्रेकपर्यंत जोर पोचवत नाही. पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. गाडी दारात नुसती उभी असली तरी ओलावा शिरतोच. म्हणून हे तेल साधारण दोन वर्षांनी बदलावे, आणि घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी.

पावसाळ्यापूर्वी वायपर, दिवे, टायर आणि ब्रेक बघून घ्यावेत. गणपतीला कोकणात जायचे असेल, तर निघण्याच्या आदल्या रात्री सर्व्हिसिंग करू नये. आठ दिवस आधी करावे. मग दोन-तीन दिवस गाडी गावात फिरवावी. कामात काही राहून गेले असेल तर ते इथेच कळते. घाटात कळून काय उपयोग?

समोरच्या काचेखाली दिवे लागतात, त्यांचीही भाषा आहे. पिवळा दिवा म्हणतो, "लवकर दाखवून घ्या." तांबडा दिवा म्हणतो, "थांबा." तेलाच्या झारीचे तांबडे चित्र दिसले की गाडी बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे. "गॅरेज जवळच आहे, जाऊ हळूहळू" असे म्हणू नये. तेवढ्या वाटेतच इंजिन जळून जाते.

कुठे?

कंपनीचे सर्व्हिस सेंटर चांगले की गल्लीतला मिस्त्री? याला एकच उत्तर नाही. काम कोणते, ते आधी पाहावे.

गाडीची वॉरंटी शिल्लक असेल, तर कंपनीकडे जावे. एखाद्या भागात कारखान्यातूनच दोष राहिला असेल, तर कंपनी त्या गाड्या परत बोलावते आणि तो भाग फुकट बदलून देते. मालक बदलला म्हणून हा हक्क जात नाही. पण कंपनीचे पत्र जुन्या मालकाच्या पत्त्यावर जाते. म्हणून गाडी घेतल्यावर सेंटरमध्ये चासी नंबर द्यावा आणि असे काही काम बाकी आहे का, ते विचारावे. एअरबॅगचे कामही तिथेच करावे.

तेल, फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच, बॅटरी ही कामे चांगला मिस्त्रीही उत्तम करतो, आणि खर्च बहुधा कमी येतो. पण चांगला मिस्त्री ओळखावा कसा? १९८३ साली मारुती ८०० रस्त्यावर आली. तेव्हाच्या गाडीत कार्ब्युरेटर असे, आणि जाणता कारागीर स्क्रूड्रायव्हर आणि कान यांवर काम भागवी. आजच्या गाडीत कॉम्प्युटर असतो. दोष वाचणारे यंत्र, म्हणजे स्कॅनर, मिस्त्रीकडे आहे का ते विचारा. तुमच्याच प्रकारच्या गाड्या त्याच्याकडे येतात का? बिल देतो का? एखादे काम येत नसेल तर "हे माझं काम नाही" असे सांगतो का? असे सांगणारा मिस्त्री मिळाला तर त्याला सोडू नये.

सुटे भाग स्वतः आणायचे असतील, तर नाना पेठेत त्यांची दुकाने ओळीने आहेत. जुना भाग आणि चासी नंबर बरोबर न्यावा. पुड्यावरचा भागाचा नंबर आणि किंमत वाचावी, बिल घ्यावे. बिल नसलेला स्वस्त ब्रेक पॅड शेवटी महाग पडतो.

पूर्वी अनेक कंपन्या सुटे भाग आणि माहिती बाहेरच्या गॅरेजला मिळू देत नसत. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने याबद्दल १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड केला. बाहेर काम केले एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करू नये, असेही बजावले. कंपन्या त्यावर अपिलात गेल्या. पण कुठे दुरुस्ती करावी हे गाडीच्या मालकाने ठरवायचे, हा विचार त्यामुळे पुढे आला. सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी इंटरनेटवर माहितीचे दालनही उघडले.

गाडी देताना

तक्रार तोंडी सांगू नका, लिहून द्या. "आवाज येतो" एवढे पुरत नाही. "डावीकडे वळताना पुढच्या चाकातून कटकट आवाज येतो" असे लिहा. जॉबकार्डावर सही करण्यापूर्वी ते वाचा. त्यावर आजचे किलोमीटर आणि अंदाजे खर्च लिहिलेला असावा. "विचारल्याशिवाय जादा काम करू नये" हे वाक्य स्वतःच्या हाताने लिहा. बदललेले जुने भाग परत मागा. पैसे देण्यापूर्वी मिस्त्रीला शेजारी बसवून एक फेरी मारा, ब्रेक दाबून पाहा. पीयूसीचा दाखला म्हणजे सर्व्हिसिंग नव्हे. तो फक्त धुराची तपासणी झाल्याचे सांगतो.

कामात फसवणूक झाली तर बिल आणि जॉबकार्ड हाच तुमचा पुरावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. तिथे तोंडच्या शब्दापेक्षा कागदाला वजन असते.

म्हणून गाडीत एक वही ठेवा. तिच्यात चार रकाने आखा. तारीख, किलोमीटर, काम, खर्च. प्रत्येक कामानंतर एक ओळ लिहा. फार तर दोन मिनिटे लागतात. पुढे कधी ही गाडी तुम्ही विकायला काढाल, तेव्हा घेणारा विचारील, "पावती आहे का हो?" तुम्ही वही त्याच्या हातात द्याल. ती वाचून तो निश्चिंतपणे आपल्या मुलाबाळांना त्या गाडीत बसवील.