साडेतीन टनांचा हिशेब

ऑस्ट्रेलियात मोठ्या डिझेल फोर-बाय-फोरच्या जाहिरातीत एक आकडा हटकून ठळक छापलेला असतो: ओढण्याची क्षमता ३५०० किलो. टोयोटा लँड क्रूझर २०० घ्या नाहीतर फोर्ड रेंजर, आकडा तोच. त्याच्या भरवशावर लोक तीन-सव्वातीन टनांची कॅरॅव्हॅन घेतात, मागचा हिच, म्हणजे ट्रेलर जोडायचा सांधा, बदलून दणकट बसवतात आणि नलारबोरच्या ओसाड मैदानाच्या वाटेला लागतात. मेलबर्न-सिडनीला स्थायिक झालेल्या मराठी मंडळींनाही हे सहज जमण्यासारखं आहे, कारण साधं कारचं लायसन्स पुरतं. वेगळी परीक्षा नाही. ती असायला हवी होती, असं मला वाटतं.

जरा बेरीज-वजाबाकी करू. लँड क्रूझर २०० चं रिकामं वजन सुमारे २७४० किलो. भरल्यावर ते ३३५० च्या वर जाता कामा नये. म्हणजे सवड ६१० किलोंची. ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा हिचच्या बॉलवर टेकलेला असावा लागतो. साडेतीन टनांमागे ते झाले ३५० किलो, आणि हा भार गाडीच्या खात्यात मांडला जातो. उरले २६०. त्यात चार माणसं, पुढचा लोखंडी बुलबार, विंच, फ्रिज आणि छतावरचा तंबू बसवून दाखवा! ३.२ लिटर इंजिनाच्या रेंजरचं गणित आणखी अवघड. गाडी आणि ट्रेलर मिळून मर्यादा ६००० किलो. ट्रेलरलाच ३५०० दिले तर गाडीला २५०० उरतात आणि डबल कॅब रिकामीच २२०० च्या आसपास भरते. गाडी एरवी ३२०० पर्यंत लादता येते, हेही खरं. पण दोन्ही चैनी एकाच वेळी नाहीत. म्हणून निघण्यापूर्वी सगळं सामान, पाणी आणि माणसं भरून वजनकाट्यावर जावं. कॅरॅव्हॅनच्या पाटीवरचं रिकामं वजन पाण्याच्या टाक्या भरल्यावर काही कामाचं राहत नाही.

आता हिच. टो बार, त्यात सरकवायची जीभ, बॉल, कपलिंग, साखळ्या, शॅकल या प्रत्येकाची स्वतंत्र क्षमता असते आणि त्यातली सर्वांत कमी तीच तुमची. ५० मिलिमीटरच्या बॉलची हद्द ३५०० किलो. त्यापुढे ७० मिलिमीटरचा लागतो. पण मोठा बॉल लावल्याने गाडीची क्षमता एका किलोनेही वाढत नाही. बदल करावा तो वेगळ्या कारणासाठी. ओढ्यात उतरताना गाडी एकीकडे कलते, ट्रेलर दुसरीकडे, आणि साधं बॉल कपलिंग ठरावीक कोनानंतर अडकतं. डीओ३५ सारखं ऑफ-रोड कपलिंग सगळ्या बाजूंना फिरतं, त्यामुळे हा पीळ चासीपर्यंत पोचत नाही. त्याचीही मर्यादा ३५०० च.

सस्पेन्शन उंच केलेल्यांनी जिभेची उंची पुन्हा मोजावी. कॅरॅव्हॅनचं नाक वर झालं की भार मागे सरकतो. मागे जास्त लादलेली बैलगाडी जशी उलाळते आणि जू बैलांच्या मानेवरून उचललं जातं, तसंच इथे होतं. फरक इतकाच, की हे ताशी शंभर किलोमीटरला होतं. ५३.५ मीटरपर्यंत लांब असलेल्या रोड ट्रेनच्या, म्हणजे अनेक ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकच्या, वाऱ्याचा एक धक्का बसला की ट्रेलर शेपूट हलवू लागतो, आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा. अशा वेळी पाय सहजच ब्रेककडे जातो; तो आवरावा. अॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा आणि डॅशबोर्डवरच्या कंट्रोलरने फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने लावा. ७५० किलोंवरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत. दोन टनांवर ते सगळ्या चाकांना हवेत, शिवाय ट्रेलर सुटलाच तर आपोआप लागणारी यंत्रणाही.

डिझेलचा जोर चढावर कळतो, उणीव उतारावर. पेट्रोल इंजिनासारखी हवा कोंडणारी झडप नसल्याने नुसता पाय काढला की डिझेल गाडी म्हणावी तशी रोखत नाही. क्वीन्सलंडमधल्या कनिंगहॅम्स गॅपसारखा घाट उतरताना गिअर माथ्यावरच खाली आणावा. अर्ध्या उतारावर आठवण होईपर्यंत ब्रेक तापलेले असतात.

आणि गाडी वाळूत रुतली, तर ओढणारा पट्टा टो बॉलला कधीही अडकवू नये. ताणलेल्या पट्ट्याच्या झटक्याने बॉल तुटून गोळीसारखा सुटतो. ऑस्ट्रेलियात यात माणसं दगावली आहेत. ट्रेलर आधी सोडवावा, बॉलची जीभ काढावी आणि त्याच खोबणीत क्षमतेचा शिक्का असलेला रिकव्हरी हिच बसवावा. बघ्यांना पट्ट्याच्या रेषेपासून लांब, बाजूला उभं करावं. व्हिडिओ काढणाऱ्याला सर्वांत आधी.